फवारणीचा ठराव जरा बाजूला ठेवा

तलावकाठच्या घरमालकांची संघटना म्हटलं की वार्षिक सभेत एक ठराव हमखास असतो: यंदा वनस्पतिनाशक कधी मारायचं? वर्गणी त्यातच संपते आणि पुढच्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा हिरवा. माझ्या मते पैसा चुकीच्या टोकाला जातोय.

गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसवर अडते. १९७३ साली कॅनडातल्या 'लेक २२६'चे पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हींत टाकले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. एक किलो फॉस्फरसवर ५०० किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, त्यामुळे काठावरच्या 'एवढ्याशा' खताला एवढंसं म्हणू नये.

आधी मोजा. पाणी किती नितळ आहे ते मोजणारी सेक्की तबकडी घरीही बनते: २० सेंटिमीटर व्यास, काळे-पांढरे चार पाव, खाली वजन, आणि न ताणणारी, खुणा केलेली दोरी. सर्वांत खोल जागी, ऊन वर असताना, नावेच्या सावलीच्या बाजूने सोडायची. गॉगल काढून. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी लिहायची. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी. एका वर्षाच्या आकड्यांवरून भांडू नका. पाऊस कमीजास्त झाला तरी ते हलतात.

एकूण फॉस्फरसचे नमुने मात्र प्रयोगशाळेत द्या, आणि दोन घ्या: एक पृष्ठभागाजवळचा, दुसरा तळाच्या मीटरभर वरचा. दुसराच बहुतेक जण गाळतात. खोल तलावात उन्हाळ्यात वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी मिसळत नाही. तळाशी कुजण्यात प्राणवायू संपतो आणि गाळात लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. तळाचा आकडा वरच्याच्या कितीतरी पट निघाला, तर काठ सुधारूनही पाणी लगेच निवळणार नाही हे सभासदांना आधीच सांगा. तुरटीसारखा ॲल्युमिनियम क्षार टाकून तो फॉस्फरस बांधता येतो. पण कमी क्षारतेच्या पाण्यात सामू (pH) घसरतो आणि ॲल्युमिनियम माशांना विषारी ठरतं. शिवाय काठावरून येणारा फॉस्फरस चालूच असेल तर तो पैसा पाण्यातच गेला.

काठावर पाण्याला भिडलेलं लॉन नको. दहा मीटर पट्ट्यात स्थानिक गवतं आणि झुडपं वाढू द्या. नावेपर्यंत अरुंद पायवाट पुरते. खताच्या पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला, म्हणजे फॉस्फरसचा, शून्य असावा. कापलेलं गवत पाण्यात ढकलू नये (हेही सांगावं लागतं!). सेप्टिक टँकमधला गाळ आणि वरची साय मिळून एक तृतीयांश टाकी भरण्याआधी उपसा हवा, साधारण तीन ते पाच वर्षांनी. संघटनेने सगळ्यांसाठी एकदाच टँकर बोलावला तर दर उतरतो आणि कोणाची टाकी कधीच उघडली नव्हती तेही कळतं.

फवारणीला माझा सरसकट विरोध नाही. धक्क्याजवळ, तुकड्या-तुकड्याने चालेल. पाण्यातली सगळी झाडोरी एकदम मारली तर ती कुजताना प्राणवायू ओढते, मासे तरंगतात, फॉस्फरस पाण्यात परततो, आणि मुळांनी धरलेला गाळही मोकळा होतो. मग शेवाळाला रान मोकळं.

बाहेरून येणाऱ्या नावेचं कठोरपणे बघा: घासून धुवा, तळातलं पाणी काढा, किमान पाच दिवस वाळवा. नावांबरोबर तलावातून तलावात पसरणाऱ्या उपद्रवी झेब्रा शिंपल्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

वर्गणीचा वाद उरतोच. किनाऱ्याच्या लांबीवर आकारणी केली की लांब काठवाले मतंही जास्त मागतात. मी सरळ म्हणेन, घरटी समान वर्गणी, घरटी एक मत. मागच्या रांगेतली घरंही त्यात धरा. त्यांच्या अंगणातलं पावसाचं पाणी शेवटी याच तलावात उतरतं.