घोटा सुजला हे सांगणारं पोरगं नाजूक नसतं

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या आणि खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. खरा बास्केटबॉलपटू कसा असतो, हे त्यात सांगितलंय. मायकेल जॉर्डन तापात खेळला. कोबी ब्रायंटने टाचेमागची जाड दोरी, अकिलीस, तुटल्यावर फ्री थ्रो टाकले. आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने कोपर गेलं तरी माघार घेतली नाही. आजचे खेळाडू मात्र कोट्यवधी घेऊन विश्रांती घेतात. सरावात पाणी प्यायलं की शरीर ढिलं पडतं. पॅनिक वगैरे श्रीमंतांची नाटकं. धक्का मारणाऱ्याला दुप्पट धक्का द्यावा. आणि शेवटी मोठ्या ठळक अक्षरांत: ‘पोरांनो, दुखलं तरी कोचला सांगू नका.’

हे शेवटचं वाक्य माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने मनावर घेतलं. रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूसाठी, उडी मारून तो दुसऱ्याच्या बुटावर उतरला आणि घोटा मुरगळला. त्याने क्रेप बँडेज आवळलं, वर दोन मोजे चढवले आणि सराव चालू ठेवला. पाय बुटात जाईना तेव्हा ताईला कळलं. मोजा काढला तर घोट्याचं हाडच दिसत नव्हतं, आणि खाली टाचेपर्यंत जांभळं रक्त उतरलेलं. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळतो, तिथे वाढत्या मुलाचं हाड या जागी फुटू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. एक्स-रे काढल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पोराने लपवलं तर एक्स-रे काढणार कोण?

तर आता कोबी. १२ एप्रिल २०१३, गोल्डन स्टेटविरुद्ध त्याची अकिलीस तुटली आणि तरी त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले, हे खरं आहे. त्याचा संघ लेकर्स ११८-११६ ने जिंकला, म्हणजे ते दोन गुण कामी आले, हेही कबूल. पण फ्री थ्रो जागेवर उभं राहून टाकतात. ते टाकून तो खेळत राहिला नाही, सरळ आत निघून गेला. मेसेज इथंच थांबतो. आदल्याच सामन्यात पोर्टलंडविरुद्ध हा चौतीस वर्षांचा माणूस ४८ च्या ४८ मिनिटं मैदानावर होता, ते त्यात नाही. पुढच्या अख्ख्या मोसमात तो फक्त ६ सामने खेळू शकला, तेही नाही.

केविन ड्यूरंटचं तर मेसेजमध्ये नावच नाही, आणि या सगळ्या वादात मला त्याच्याएवढा स्पष्ट दाखला दुसरा दिसत नाही. ८ मे २०१९ ला ह्यूस्टनविरुद्ध त्याची उजवी पोटरी दुखावली. पुढे सात सामन्यांच्या फायनलमध्ये त्याचा संघ गोल्डन स्टेट टोरांटोच्या ३-१ ने मागे पडला. तोवर हा मुद्दाम बसलाय, याच्यात जिगर नाही, असं टीव्हीवर आणि ट्विटरवर रोज चाललेलं. १० जूनला तो उतरला. महिनाभर सामना न खेळलेल्या माणसाने १२ मिनिटांत ११ गुण केले. मग दुसऱ्या क्वार्टरमध्ये समोर सर्ज इबाका असताना त्याने चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, उजव्या पायावर रेटा दिला आणि थांबला. लंगडत दोन पावलं गेला, खाली बसला आणि टाचेच्या वर हाताने चाचपू लागला. अकिलीस तुटली होती. पोटरीचा स्नायू खाली जाऊन जी जाड दोरी बनतो, तीच ही अकिलीस. तो सामना गोल्डन स्टेटने एका गुणाने जिंकला, पुढच्या सामन्यात विजेतेपद गेलं आणि ड्यूरंटचा २०१९-२० चा पूर्ण मोसम गेला.

२०२५ च्या फायनलमध्ये टायरीस हॅलिबर्टनचंही तेच झालं. पोटरी आधीच दुखावलेली, सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये अकिलीस गेली. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन, असं त्याने नंतर सांगितलं. तो त्याचा निर्णय, आणि त्याचा मला आदर आहे. पण एमआरआय झालेला, डॉक्टरांचा अख्खा ताफा हाताशी असलेला तो प्रौढ व्यावसायिक खेळाडू होता. संकेतचंही तसंच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कोपर दुखावल्यावर तो १३९ किलोच्या शेवटच्या प्रयत्नाला गेला. तो प्रयत्न फसला, सुवर्ण एका किलोने हुकलं आणि रौप्य मिळालं. आम्हा सांगलीकरांना त्याचा अभिमान आहे आणि राहील. पण चार वर्षांतून एकदा येणाऱ्या स्पर्धेतला तो एक प्रयत्न होता, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मंगळवारच्या सरावासाठी त्याने काही लपवलं नव्हतं. मार बसलेल्या पोराला आपल्या तालमीतला वस्तादसुद्धा आधी आखाड्याबाहेर बसवतो.

जॉर्डनने ११ जून १९९७ ला आजारी असताना ३८ गुण केले, हे मान्य. त्याच जॉर्डनचं १९८५-८६ मध्ये पायाचं हाड मोडलं आणि तो ६४ सामने बाहेर होता. त्याला लवकर उतरायचं होतं, पण परतल्यावर संघाने त्याची मिनिटं बांधून दिली. त्याची सहाही विजेतेपदं त्यानंतरची. आणि अंगात ताप असताना पळू नये, असं डॉक्टर सांगतात ते उगीच नाही. विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकतो.

पाण्याचा मुद्दा वाचून तर संताप आला. एप्रिलमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो, सिमेंटचं कोर्ट संध्याकाळी पाचलाही तापलेलं असतं, आणि तिथं पोरांना पाणी देऊ नका म्हणे! घाम गेला आणि पाणी मिळालं नाही की शरीर थंड होत नाही. कुठल्याही पोराच्या जिवावर बेतेल.

विश्रांतीबद्दल एवढं मानते की तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला स्टार खेळाडू बाकावर दिसला तर राग येणारच. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनेही २०२३-२४ पासून बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी ६५ सामन्यांची अट घातली. पण ८२ सामन्यांच्या मोसमात एखादा सामना बसणं म्हणजे पळपुटेपणा नव्हे.

पॅनिकची नाटकं? २०१६ च्या फायनलच्या सातव्या सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटात, केविन लव्हने एकट्याने स्टीफन करीला रोखून धरलं. त्याच लव्हला नोव्हेंबर २०१७ मध्ये सामना चालू असताना पॅनिक ॲटॅक आला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याने तो स्वतः लिहून जगाला सांगितला. याला नाजूक म्हणणाऱ्याने तो बचाव एकदा बघावा.

आणि धक्क्याला दुप्पट धक्का? त्याच २०१६ च्या फायनलच्या चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने समोरच्या संघातल्या लेब्रॉन जेम्सवर हात उगारला आणि संघ ३-१ ने पुढे असताना पाचव्या सामन्याला निलंबित झाला. त्या मोसमात साखळीतले ७३ सामने जिंकलेला संघ विजेतेपद हरला.

त्या संघातला करी २०११-१२ मध्ये घोट्यांमुळे फक्त २६ सामने खेळला होता. शस्त्रक्रिया झाल्या. मग कंबर, मांड्या आणि नितंबांची ताकद वाढवायचं कंटाळवाणं काम त्याने वर्षानुवर्षं केलं, आणि २०१५ ला तो एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. निवड चाचणीत कोणाला पोरांची कणखरी बघायचीच असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये बघा. दम संपल्यावरही समोरच्याला पाठीने अडवून बॉक्स आउट कोण करतो, चेंडू गेल्यावर बचावाला माघारी कोण पळतो, आणि विचारल्यावर ‘सर, उजवा घोटा दुखतोय’ असं खरं कोण सांगतो. त्याचं नाव यादीतून खोडू नका.