पीआरवाल्यांना कॅनडात मत देता येत नाही, आणि ट्रूडो भारतामुळे गेले नाहीत

एप्रिल २०२५ मध्ये कॅनडाची निवडणूक झाली तेव्हापासून एक मेसेज फिरतो आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मी सोडून दिला. आता तो मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलाय आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलीय. मेसेजचं म्हणणं असं: भारताशी वैर घेतलं म्हणून लिबरल पक्षाचे पंतप्रधान ट्रूडो यांचं पद गेलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष जिंकलाच होता, पण मतदान यंत्रांत घोळ करून त्याला हरवलं आणि मार्क कार्नी हा कधीच न निवडलेला बँकर पंतप्रधान केला. जगमीत सिंग यांचा एनडीपी हा डावा पक्ष हिंदू मतदारांनी कायमचा संपवला. आणि कॅनडात पीआर (नागरिकत्व नसलेला, पण कायम राहण्याचा परवाना) असलेला कुणीही मत देऊ शकतो, लाखोंनी दिलंही, तेव्हा तिथे असलेल्या आपल्या मुलांना नाव नोंदवायला सांगा.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात आपल्याच पोरांचं नुकसान आहे. माझी भाची नुकतीच पीआर झाली. हे वाचून तिने मला फोन केला, "मावशी, मग मीपण यादीत नाव घालू का?" अजिबात नाही. संघीय निवडणुकीत मत द्यायला कॅनडाचं नागरिकत्व लागतं आणि वय १८ पूर्ण लागतं. पीआर, वर्क परमिट, स्टडी परमिट यांतलं काहीही चालत नाही. इथला, म्हणजे कॅनडाचा, निवडणूक आयोग इलेक्शन्स कॅनडा हे आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत सांगतो. दरवर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये दोन प्रश्न असतात: तुम्ही कॅनडाचे नागरिक आहात का, आणि तुमची माहिती मतदार यादीसाठी द्यायची का. असा मेसेज वाचलेला नवखा मुलगा तिथे बेधडक "हो" करून बसेल. पात्र नाही हे माहीत असून मत देणं हा कायद्याने गुन्हा आहे, त्याला दंड आहे आणि तुरुंगही आहे. मेसेज ढकलणारे नाशिकला नाहीतर पुण्याला बसलेले असतात. निस्तरायचं इथल्या मुलांना.

आता, यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. इथे पक्षाचा उमेदवार पुष्कळदा त्या मतदारसंघातले पक्षाचे सदस्य मत देऊन ठरवतात, आणि त्या मतदानात पीआर असलेले सदस्यही भाग घेतात. लिबरल पक्षात तर जानेवारी २०२५ पर्यंत पीआर नसलेल्या रहिवाशांनाही ते चालत होतं. निवडणुकांमधल्या परकीय हस्तक्षेपाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मारी-जोझे होग यांचा आयोग नेमला होता. त्याने जानेवारी २०२५ च्या अंतिम अहवालात उमेदवार निवडीची ही पद्धत म्हणजे बाहेरच्या देशांना आत शिरायचं दार आहे असं म्हटलंय. पण त्याच आयोगाचा निष्कर्ष असाही आहे की २०१९ आणि २०२१ मध्ये सरकार कोणाचं आलं यावर हस्तक्षेपाचा परिणाम झाला नाही. अहवालात चीनच्या खालोखाल भारताचंही नाव आहे, आणि भारत सरकारने ते फेटाळलंय. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही. पक्षांतर्गत मतदान आणि देशाची निवडणूक यांची सरमिसळ करून "लाखो पीआरवाल्यांनी मत दिलं" हा आकडा हवेतून काढलाय.

यंत्रांचं म्हणाल तर कुठली यंत्रं? इथे संघीय निवडणुकीत मतदान यंत्र नसतंच. कागदाची मतपत्रिका, तिच्यावर पेन्सिलीने खूण, आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर हाताने मोजणी. कार्लटन मतदारसंघात ९१ उमेदवार उभे होते, मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब झाली, तरी ती हातानेच मोजली. तिथेच कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पॉलिएव्ह स्वतः पडले. क्वेबेकमधल्या टेरबॉनची फेरमोजणी झाली तेव्हा निकाल एका मताने लागला. अधिकृत आकडे सगळ्यांना बघायला खुले आहेत: लिबरल ४३.८ टक्के आणि १६९ जागा, कॉन्झर्व्हेटिव्ह ४१.३ टक्के आणि १४४ जागा, एकूण जागा ३४३. कॉन्झर्व्हेटिव्ह वाढले हे खरंच, १९८८ नंतर उजव्या पक्षाला एवढी टक्केवारी मिळाली नव्हती. पण समोरच्याला त्याहून जास्त मिळाली. मतं जास्त आणि जागा कमी अशी तक्रार त्यांना २०१९ आणि २०२१ ला करता आली असती, या वेळी तीही नाही.

ट्रूडोंबद्दलचा दावा आपल्याकडे सगळ्यांना आवडतो, म्हणून तो खोडायला सगळ्यात जड जातो. खलिस्तानवादी निज्जर यांच्या कॅनडातल्या हत्येशी भारताचा संबंध जोडणारं त्यांचं संसदेतलं विधान १८ सप्टेंबर २०२३ चं. कॉन्झर्व्हेटिव्ह त्याच्या आधीच, त्या उन्हाळ्यातच, मतचाचण्यांमध्ये पुढे गेले होते. कारण इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा: घरभाडं, किराणा, कर्जाचे हप्ते, आणि तेच तेच सरकार बघून आलेला कंटाळा. जून २०२४ मध्ये टोरोंटो–सेंट पॉल्सची पोटनिवडणूक लिबरल हरले. १९९३ पासून हातात असलेली जागा होती ती. सप्टेंबरमध्ये माँट्रियालमधली बालेकिल्ल्यासारखी जागाही गेली. १६ डिसेंबरला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनामा दिला, तोही ट्रम्प यांच्या आयात शुल्काला तोंड कसं द्यायचं आणि पैसे कुठे उधळायचे नाहीत यावरून. मग पक्षाच्याच खासदारांनी दबाव आणला आणि ६ जानेवारी २०२५ ला ट्रूडोंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. यात दिल्ली कुठे आहे? शिवाय भारताने ट्रूडोंना पाडलं असेल तर त्यांचाच पक्ष चार महिन्यांत परत कसा आला? तो आला ट्रम्प यांच्यामुळे. कॅनडाला ५१ वं राज्य करू ही भाषा सुरू झाली, शुल्कं लागली, आणि कॉन्झर्व्हेटिव्हची वीस टक्क्यांहून मोठी आघाडी काही आठवड्यांत विरघळली. पॉलिएव्ह यांनी सगळा प्रचार ट्रूडो आणि इंधनावरचा कार्बन कर या दोन गोष्टींवर बेतला होता. ट्रूडो गेले आणि ग्राहकांवरचा कार्बन कर कार्नींनी शपथ घेतली त्याच दिवशी काढायचा निर्णय झाला.

कार्नी १४ मार्चला पंतप्रधान झाले तेव्हा खासदार नव्हते, हे खरं. १९८४ मध्ये जॉन टर्नरही नव्हते. उद्धव ठाकरे २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. कार्नी महिन्या-दीड महिन्यात निवडून आले.

राहिला एनडीपी. २५ वरून ७ जागा, जवळपास १८ टक्क्यांवरून ६ टक्के, जगमीत सिंग स्वतः बर्नबी सेंट्रलमध्ये तिसरे. पडझड मोठी आहे, पण ती देशभर झाली. ट्रम्पच्या धास्तीने डावी मतं लिबरलांकडे गेली, आणि विंडसर वेस्टसारखी मोटार कामगारांची, २००२ पासून एनडीपीकडे असलेली जागा कॉन्झर्व्हेटिव्हनी नेली. यात हिंदू मतदारांचा गठ्ठा कुठून आला? शिखांचा तरी गठ्ठा कुठे आहे? ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये लिबरल मंत्री कमल खेरा यांना हरवणारे कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार अमरजीत गिल आहेत.

आणि "कायमचा संपवला" तर नाहीच. १९९३ मध्ये सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या दोन जागा उरल्या, पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतः पडल्या. पुढे दुसऱ्या पक्षाशी एकत्र येऊन त्याच प्रवाहाने २००६ मध्ये सरकार केलं. लिबरल २०११ मध्ये ३४ वर आले होते, चार वर्षांनी १८४. एनडीपी १९९३ मध्येही असाच ९ जागांवर येऊन संसदेतला अधिकृत पक्षाचा दर्जा गमावून बसला होता. २०११ मध्ये जॅक लेटन यांनी त्याच पक्षाला १०३ जागा मिळवून देऊन प्रमुख विरोधी पक्ष केलं.