डक्टमधली झुरळं आणि माझा ओटा

यापुढे मला कुणी ‘वहिनी, रात्री ओटा पुसून झोपता ना?’ असं विचारलं, तर त्या माणसाला मी रात्री बारा वाजता आमच्या स्वयंपाकघरात अंधारात उभं करणार आहे. मग दिवा लावीन. ओटा कोरडा ठणठणीत, खरकटं भांडं एक नाही, कचऱ्याचा डबा दाराबाहेर. आणि सिंकखाली पाइप जिथे भिंतीत शिरतो, तिथल्या फटीतून मिशा हलवत एक धूड बाहेर येतंय. विचारा मग त्यालाच, ओटा पुसलाय का म्हणून.

ठाण्यात पहिल्या मजल्यावर राहते मी. स्वयंपाकघर आणि बाथरूम, दोन्हींची भिंत डक्टला लागून. डक्ट काय असतो हे ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप जिथून खाली उतरतात ती अंधारी, कायम ओली जागा. वरच्या मजल्यांवरून पडलेले मोजे, कपड्यांच्या क्लिपा, कांद्याची सालं, कुणीतरी (कुणी ते मला माहीत आहे) खिडकीतून भिरकावलेल्या पिशव्या, असा सगळा ऐवज तिथे साठतो. त्याला एक लोखंडी दार आहे, दाराला कुलूप आहे, आणि किल्ली? सेक्रेटरी म्हणतात वॉचमनकडे, वॉचमन म्हणतो जुन्या कमिटीकडे, आणि जुनी कमिटी आता नव्या कमिटीशी बोलत नाही. उन्हाळाभर झुरळांची सगळी प्रजा डक्टमध्ये आणि खालच्या गटाराच्या चेंबरमध्ये सुखाने नांदते. पाऊस लागला, चेंबर तुंबले, की पाणी वर चढतं आणि पाण्याच्या पुढे पुढे ही मंडळी चढतात. वर म्हणजे कुठे? पहिला मजला. म्हणजे मी.

आता थोडा अभ्यास ऐका, कारण कमिटीत तो एकानेही केलेला नाही. घरात दिसणारी झुरळं मुख्यतः दोन प्रकारची. एक बारीक, पिवळसर, दीड सेंटीमीटरपर्यंतचं, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेलं. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. ते फ्रिजच्या मोटरमागे, मिक्सरखाली, ट्रॉलीच्या सांध्यात राहतं आणि बरेचदा किराण्याच्या खोक्यातून घरात येतं. ते झालं तर मला बोला, ऐकून घेईन. दुसरं मोठं, तांबूस, साडेतीन-चार सेंटीमीटरचं, प्रसंगी उडणारं. ते अमेरिकन. त्याचं खरं बिऱ्हाड गटारात, चेंबरमध्ये, ड्रेनेजच्या लाइनीत. आमच्याकडे येतं ते हे! मी ओट्यावर तूप सांडलं काय आणि फिनाइल ओतलं काय, त्याचा जन्म डक्टमध्येच व्हायचा. एवढं मोठं दिसतं, पण अंग चपटं करून ३ मिलिमीटरच्या फटीतून निघून जातं. मी पाइपांभोवतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरल्या. वापरात नसलेल्या बाथरूमच्या जाळीत रोज तांब्याभर पाणी ओतते, कारण नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या भांड्यात साठून राहणारं पाणी सुकलं की गटार आणि घर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. अजून काय करू? राखण करायला बसू?

पेस्ट कंट्रोलही केलं. वर्षभराची गॅरंटी म्हणून आलेला तो पोरगा. आधी कोपऱ्याकोपऱ्यात जेलचे ठिपके लावले. छान. जेलचं काम असं, की झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, बिळात जाऊन मरतं, आणि बाकीची त्याची विष्ठा आणि त्याचं मढं खाऊन मरतात. म्हणजे ते त्यांनी चवीने खाल्लं पाहिजे. आणि या पठ्ठ्याने दहा मिनिटांनी त्याच ठिपक्यांवर फवारा मारला! फवाऱ्याच्या वासाला झुरळ फिरकणार आहे का त्या जेलकडे? वर बाटलीला लेबल नाही. वास असा की डोळे चुरचुरले. डायक्लोरव्हॉस नावाच्या औषधावर आपल्या देशात २०२० च्या अखेरपासून बंदी आहे, म्हणून मी विचारलं, बाबा रे, यात आहे तरी काय? तर म्हणे, ‘मॅडम, वास येतोय म्हणजे पॉवरफुल आहे.’ व्यवसाय म्हणून घरोघरी औषध मारायला परवाना लागतो, तो दाखव म्हटलं तर ‘साहेबांकडे आहे’. साहेबांचा फोन बंद. अंड्यांच्या डबीत औषध शिरत नाही, एकेका डबीत चौदा-पंधरा पिल्लं असतात, ती बाहेर आल्यावर दुसरा हात मारावा लागतो, हे मी त्याला सांगत होते. मी! पैसे देऊन!

आणि समजा सगळं नीट केलं, तरी काय? माझ्याकडची काही मेली, उरलेली डक्टमधून शेजारच्या काकूंकडे गेली. काकूंनी मग आपल्याकडे फवारणी केली, ती परत माझ्याकडे. काकू माझ्याशी आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. दोघींचे पैसे गेले, झुरळांची मात्र हवापालट झाली.

त्यात सल्ले. कापूर ठेव, लवंग ठेव, काकडीची सालं ठेव, तमालपत्र ठेव. ठेवलं. तमालपत्रावर बसून मिशा साफ करताना पाहिलंय मी त्यांना. दिरांनी हौसेने प्लगमध्ये लावायचं ते आवाजवालं यंत्र आणून दिलं, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळवणारं. असल्या दाव्यांना पुरावा दाखवा म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच ६० हून जास्त कंपन्यांना आणि विक्रेत्यांना पत्रं धाडली होती. आमच्याकडे त्या यंत्राच्या मागे झुरळ उबेला बसतं. भावजींना सांगायचं कसं, हा आणखी एक प्रश्न.

तांदळातले सोंडे, रव्यातल्या अळ्या यांचं मी बोलत नाही. हवा दमट, ऊन नाही, सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, तो दुकानातूनच येतो. पाखडेन, निवडेन, डाळीला एरंडेल चोळेन. ते माझं काम आणि मी ते करते.

पण वाळवी? पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे आले. दिवे बंद केले, परातीत पाणी घालून त्यात पणती ठेवली, सकाळी झाडूभर पंख गोळा केले. बाहेरून आली असतील म्हणून सोडून देता आलं असतं. पण पंखांचा ढीग खिडकीशी नव्हता, डक्टच्या भिंतीच्या स्कर्टिंगशी होता, आणि तिथूनच मातीची बारीक नळी दाराच्या चौकटीपर्यंत चढलेली. म्हणजे वाळवी इमारतीत आहे, जमिनीतून आलीय. सेक्रेटरी म्हणाले, ‘पावसाळी पाखरं हो, दोन दिवसांत जातील.’ पाखरं गेली. चौकट बोटाने दाबली की आत जाते. याला तळमजल्याला भिंत आणि जमीन मिळते तिथे ओळीने भोकं पाडून औषध भरावं लागतं. ते मी पहिल्या मजल्यावरून एकटीने कसं भरू? दोरी सोडून?

सोसायटीने केलं काय, तर फॉगिंग. धुराचं मशीन आलं, कमिटीने फोटो काढले, ग्रुपवर अंगठे पडले. धुराने मरतो तो उडता डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरच्या ताडपत्रीत पाणी, टाकीचं झाकण फुटलेलं, आठ-दहा दिवसांत तिथून नवी फौज तयार. धूर मारला संध्याकाळी आणि तोही चेंबरच्या तोंडाशी, म्हणजे डास होते तिथेच राहिले आणि त्या रात्री माझ्या बाथरूममध्ये झुरळांची मिरवणूक निघाली.

मीटिंगमध्ये विषय काढला. ‘ज्याने त्याने आपापल्या घरात बघावं.’ हे उत्तर. त्याच मीटिंगमध्ये गेटवरच्या नावाच्या पाटीला एलईडी बसवायचा खर्च पाच मिनिटांत मंजूर झाला. उपविधी, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक, उघडून वाचा हो कुणीतरी. ड्रेनेजची लाइन, सेप्टिक टँक, पाण्याच्या टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असं त्यात लिहिलंय. मेंटेनन्स घेताना एक तारीख चुकत नाही, उशीर झाला तर व्याज लावता, आणि डक्ट साफ करायची वेळ आली की ‘ज्याने त्याने’?

मी लेखी अर्ज दिलाय. आधी डक्ट साफ करा, चेंबरची फुटकी झाकणं बदला, मग डक्ट, चेंबर आणि सगळ्या घरांत एकाच दिवशी औषध, लेबल असलेलं, परवानेवाल्याकडून, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. वाळवीचं तळमजल्यापासून. खर्च सगळ्यांत वाटून लावा, माझा हिस्सा मी आधी भरते. किल्ली सापडत नसेल तर कुलूप तोडा. नव्या कुलपाचे पैसेही माझ्याकडून घ्या, फक्त त्याची एक किल्ली माझ्याकडे राहील.