जादूची किंमत

किशोरांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्यांत जादूमुळे नायकाचे सगळेच सोपे होऊन जाते, हे एका लेखात वाचलेले मत मला मुळीच पटले नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत एके काळी शेळ्या राखणारा गेड सहाध्यायाशी लागलेल्या ईर्षेपोटी मृतात्म्याला बोलावतो, तेव्हा उघडलेल्या फटीतून एक सावली बाहेर झेपावते, त्याचा चेहरा ओरबाडते आणि ती फट बुजवताना वृद्ध महाजादूगार प्राणास मुकतो. त्या ओरबाड्यांचे व्रण गेडच्या गालावर कायमचे राहतात. शेवटी तो त्या सावलीला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. मुलीला हे पान वाचून दाखवताना माझाच आवाज जड झाला होता.