पार्किंगला नळ नाहीये, मग सायकल धुवायची कुठे?

आज सायकलच्या ग्रुपवर परत तोच प्रश्न आला. पावसाळा सुरू झालाय, सायकल चिखलाने भरलीये, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगला नळ नाही, काय करू. लगेच पंधरा जण तुटून पडले. वॉशिंग सेंटरला ने, प्रेशर पंप घे, सोसायटीला अर्ज दे, एकाने तर फ्लॅट बदल म्हणून सांगितलं (तो पेठेत वाड्यात राहतो, त्याचं सोडा). तिथे एवढं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून इथे लिहितोय, कारण या विषयात मी सगळ्या चुका स्वतः करून बसलोय.

आधी मत सांगतो, मग शिव्या घाला. नळ नसलेलाच बरा. सायकलला नळाची गरज नसते, दहा-बारा लिटर पाणी पुरतं.

आमच्याकडे पार्किंगला नळ होता. पाइप लावून मी आरामात अर्धा अर्धा तास सायकल धुवायचो, शीळ घालत. आम्ही पुण्यात बावधनला राहतो, उन्हाळ्यात टँकर लागतो, 10,000 लिटरचा एक टँकर कसा बघता बघता संपतो ते मीटिंगला बसणाऱ्यांना माहिती असतं, शीळ घालणाऱ्यांना नसतं. एकदा पाइप चालू ठेवून फोन घ्यायला वर गेलो आणि वरच गप्पा मारत बसलो. पुढच्या मीटिंगला नळ बंद झाला, तोटीच काढून टाकली, आता तिथे नुसता प्लग आहे. मी लय भांडलो तेव्हा, सायकलवाल्यांवर अन्याय वगैरे. आज खरं सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीपण काढली असती.

मग सुरू झालं बाथरूम पर्व. गाव दौंडकडे, तिथे कालव्याच्या कडेने सायकल मारून आलो होतो. तिकडची काळी माती ज्याला माहिती आहे त्याला माहिती आहे. मुळशी-ताम्हिणीकडचा तांबडा चिखल परवडला, पाणी मारलं की सुटतो तरी. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चढतात, फोर्कमध्ये चाक अडकून बसतं आणि वाळली की वीट. तर तशी सायकल लिफ्टमधून वर आणली (लिफ्टची फरशी हा वेगळा विषय), बाथरूममध्ये उभी केली आणि शॉवर सोडला. पाच मिनिटांत पाणी जाळीवर तुंबायला लागलं. मी काय केलं, तर अजून पाणी ओतलं, म्हणलं वाहून जाईल. माती खाली ट्रॅपमध्ये जाऊन बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी प्लंबरने मूठ-मूठ चिखल बाहेर काढला आणि आईला विचारलं, "काकू, इथे वांगी लावली होती का?" आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग वॉशिंग सेंटर. 50 रुपयात पोराने सायकल चकाचक करून दिली, खोटं कशाला बोलू. पण तो मोटरसायकलला मारतो तसा जोरात फवारा थेट हबवर (चाकाच्या मधोमध असतो तो) आणि पायडलच्या मधल्या बेअरिंगवर मारत होता आणि मी कौतुकाने बघत उभा. तिथे बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, ते या प्रेशरने निघतं आणि आत पाणी जातं. तीन-चार आठवड्यांनी चढाला प्रत्येक पायडलला कट्-कट् आवाज. सिंहगडचा अख्खा घाट तो आवाज ऐकत चढलोय मी. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे तेच पायडलच्या मधलं बेअरिंग, बदलायला लागलं. पोराची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, सांगायला पाहिजे होतं मी.

खरा गुरू भेटला तो पार्किंगमध्येच. आमच्याकडे गाड्या पुसायला एक मामा येतात पहाटे, दोन बादल्यांत आठ-नऊ गाड्या करतात. मी एकदा नुसता बघत उभा राहिलो. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग ओलं फडकं, वरून खाली, टपापासून सुरुवात, चाकं सगळ्यात शेवटी आणि चाकांचं फडकं वेगळं, ते परत बॉडीला लावायचं नाही. म्हणलं मामा, पाणी कमी पडत नाही का? ते म्हणाले, "पाण्यानं नाय निघत साहेब, हातानं निघतंय."

तर आता मी काय करतो. राईडवरून परत येताना घराच्या अलीकडेच थांबतो आणि बाटलीत उरलेलं पाणी चेन, ब्रेक आणि फोर्कच्या मधल्या भागावर ओततो, चिखल ओला असतानाच. अर्धं काम तिथेच होतं. पार्किंगमध्ये जुना फ्लेक्स अंथरतो (कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा आहे, वारा-पावसात पडला होता, आता साहेबांच्या चेहऱ्यावर माझं मागचं चाक असतं). सायकल वर उभी करून मोठे गोळे हाताने आणि लाकडी चमच्याने काढायचे. फ्लेक्सवर पडलेली माती वाळली की गोळा करून कुंडीत, काळी माती असेल तर जास्वंद खूश.

मग फवारणीचा छोटा हातपंप. कुंड्यांना मारतात तो, 2 लिटरचा, वर दट्ट्या असतो, हवा भरायची आणि बटण दाबायचं. 300-400 रुपयांत मिळतो, एवढी कामाची वस्तू मी सायकलसाठी दुसरी घेतलेली नाही. धार इतपतच असते की माती भिजून सुटते, पण बेअरिंगच्या आत घुसत नाही. एक मात्र, गावाकडून 16 लिटरचा पाठीवरचा पंप आणायचा विचार करत असाल तर त्यात तणनाशक मारलेलं असतं हे लक्षात ठेवा, मी गावाकडच्या माझ्या मामाकडून आणणार होतो, त्यानेच नको म्हणून सांगितलं. असो. एक पंप मारायचा, पाच मिनिटं चहा प्यायचा, माती मऊ होऊ द्यायची. कोरड्या चिखलावर फडकं घासलं की पेंटवर पॉलिश पेपर मारल्यासारखे ओरखडे येतात, माझ्या फ्रेमवर आहेत, येऊन बघा. मग अर्ध्या बादलीत गाडीचा शाम्पू थोडासा, एक फडकं फ्रेमला, दुसरं चाकांना आणि चेनला तिसरं, बाद झालेला बनियन. शेवटी परत एक पंप साधं पाणी. हिशेब करा, 2 आणि 2 चार, अर्धी बादली सात-आठ. झालं.

मागच्या चाकाला दातेरी चकत्यांचा जो गठ्ठा असतो ती कॅसेट, तिच्या दात्यांमध्ये जो काळा लगदा बसतो त्याला ऑनलाईन 600 रुपयांचे ब्रश विकतात. खराट्याची काडी घ्या. दोन चकत्यांच्या मधे बरोब्बर बसते, चाक हळूहळू फिरवायचं, लगदा दोरीसारखा बाहेर येतो. हे काम करताना जे समाधान मिळतं ते मला ऑफिसमध्ये कधी मिळालेलं नाही.

आणि मंडळी, चेन. लोक फ्रेम चमकवतात आणि चेन तशीच ओली ठेवून वर जातात, सकाळी नारिंगी. मागे पायडल फिरवत फडक्यात धरून कोरडी करायची, मग एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब, दहा मिनिटं थांबायचं आणि वरचं तेल परत पुसून टाकायचं. वर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. डब्ल्यूडी-40 चा स्प्रे मारून मोकळे होणाऱ्यांसाठी, त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं, 1953 मध्ये त्याच कामासाठी बनलंय, चेनमधलं पाणी काढायला झकास, पण ते उडून जातं, त्यावर तेल घालावंच लागतं. डिस्क ब्रेकवाल्यांनी त्याचा स्प्रे डिस्कच्या आसपास मारूच नये, पॅड गेले म्हणून समजा.

चिखलाने चेन किती खाल्ली ते बघायला सुताराची स्टीलची टेप पुरते. पिनच्या मधोमध धरून 12 इंच मोजा, नवीन चेनला बरोब्बर पिनवर येतं. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं की चेन बदलायची वेळ झाली. एक सूत भरलं तर कॅसेटपण सोबत न्या दुकानात आणि खिशात पैसे जास्त ठेवा. मी पहिल्या पावसाळ्यानंतर मोजली तेव्हा सूतभर आलं होतं, कारण नळ होता तेव्हा मी फक्त फ्रेमच धूत होतो.

ज्यांना पार्किंगपण नाही त्यांनी बाथरूममध्येच करा, पण जाळीवर गोणपाट दुमडून ठेवा, माती त्यात अडकते, आणि चेनचं काम बाल्कनीत पेपरवर. तो तेलकट काळा लगदा ना जाळीत, ना कुंडीत, पेपरात गुंडाळून कचऱ्यात. आणि मडगार्ड लावा रे. रेसिंगचा लुक जातो म्हणून लावत नाहीत, मग पाठीवर बेल्टपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ घेऊन नाश्त्याला बसतात. गोडेतेलाचा 5 लिटरचा कॅन कापून फ्रेमच्या खालच्या नळीला टाय मारून बसवलाय मी, दिसतो भिकार, पण चेनवर निम्माच चिखल येतो.

परवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली गाठलं. मला वाटलं फ्लेक्सवरून बोलणार. म्हणाले, नळ परत सुरू करायचा विषय मीटिंगला घेतोय, तुमचा पाठिंबा आहे ना? म्हणलं काका, मला नकोय. ते बघतच राहिले. मग म्हणाले, बरं, तो पंप जरा द्या, नातवाची सायकल धुवायचीये. दोन दिवस झाले, पंप अजून त्यांच्याकडेच आहे आणि उद्या पहाटे ताम्हिणी ठरलीये.