लाइमची हरणे माणसाळलेली नाहीत

इंग्लंडमधील चेशर परगण्यातल्या लाइम पार्क या जुन्या जहागिरीवरच्या लेखातील, तिथली हरणे माणसाळलेली असून जवळ जाऊन छायाचित्रे घेता येतात, हे विधान मला धोकादायक वाटते. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे माजाच्या काळात, केज नावाच्या जुन्या शिकारी मनोऱ्याखालच्या उतारावर मी पाहिलेला रेड डियर जातीचा नर मान ताणून घोगऱ्या आवाजात हंबरत होता आणि त्याच्या शिंगांना उपटलेले गवत लटकत होते. अशा वेळी किमान 50 मीटर अंतर राखलेच पाहिजे. जूनमध्ये तर पाडसे उंच गवतात दडलेली असतात.

इटालियन वास्तुकार लेओनीने नव्या रूपात घडवलेल्या तिथल्या वाड्याइतकाच वेळ पर्यटकांनी बोस्टोन्स या प्राचीन दगडी खांबांकडे चढणाऱ्या पायवाटेला द्यावा, हा लेखातला सल्ला मात्र पटला. फक्त दुर्बीण सोबत न्यावी, एवढे त्यात जोडायला हवे होते.