सिस्टर, एंट्री झाली का?

यंदा दिवाळीत नागपूरला गेले तर घरात वाद पेटलेला, आणि तोही आभा कार्डावरून, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य-ओळखपत्रावरून. मामा महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले. जन्मभर फायली उपसल्यामुळे कागदावर त्यांचा भारी राग. १४ आकडी नंबर सांगितला की जुने सगळे रिपोर्ट डॉक्टरसमोर आले पाहिजेत, दवाखाने पेपरलेस झालेच पाहिजेत, हा त्यांचा हेका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडं तर सगळं एका बटणावर असेल ना?"

मी उत्तर इंग्लंडातल्या एका सरकारी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डवर नर्स आहे. नऊ वर्षं झाली. बटण आहे, मामा. फक्त ते एक नाही.

रात्री दोनला एका आजींना साधं पॅरासिटामॉल द्यायचं असतं. चाकांवरचा संगणक ओढत न्यायचा. त्याची बॅटरी हमखास उतरलेली, कारण दिवसपाळीने प्लगला लावलेला नसतो. पासवर्ड टाकायचा, औषधांचा तक्ता उघडायचा, आजींच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची. पट्टी चुरगळलेली. मी हात उलटासुलटा फिरवते, आजी जाग्या होऊन विचारतात, सकाळ झाली का? तोवर पडद्यावर सूचना येते: औषधाला उशीर झाला, कारण निवडा. यादीत ‘स्कॅनर चालेना’ हे कारणच नाही. मी ‘पेशंट झोपलेला’ निवडते आणि पुढच्या खाटेकडे जाते. रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्या प्रणालीत, एक्स-रे तिसऱ्या, आणि तिन्हींचे पासवर्ड वेगवेगळ्या दिवशी संपतात.

हे रडगाणं माझं एकटीचं नाही. जानेवारी २०२० मध्ये इथल्या सरकारने नुसतं लॉगिन सुधारायला ४ कोटी पौंड काढले, कारण काही कर्मचाऱ्यांना एका पाळीत पंधरापर्यंत प्रणालींमध्ये शिरावं लागत होतं. लिव्हरपूलच्या ‘ॲल्डर हे’ या मुलांच्या हॉस्पिटलात लॉगिनचा वेळ १ मिनिट ४५ सेकंदांवरून १० सेकंदांवर आणला होता, त्याचा दाखला तेव्हा दिला गेला. आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये मांडलेला हिशेब असा की धड न चालणाऱ्या संगणकांपायी इंग्लंडात डॉक्टरांचे वर्षाला १ कोटी ३५ लाखांवर तास वाया जातात. त्याआधी २००२ पासून सगळ्या आरोग्यसेवेला एका सूत्रात ओवणारा प्रचंड कार्यक्रम चालला होता. अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये तो गुंडाळला. २०१८ पर्यंत इथल्या हॉस्पिटलांत आठ हजारांवर फॅक्स मशिन होती, हे मामांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

माझी मावसबहीण धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. वादात ती चिवडा खात गप्प होती. नंतर गच्चीवर म्हणाली, "ताई, मी तर दोन्ही करून राहिली. आधी रजिस्टर, मग कॉम्प्युटर." संगणक काउंटरवर एकच. खाटेपाशी बीपी घेतला की ती तो मायक्रोपोरच्या (ड्रेसिंगच्या कागदी चिकटपट्टीच्या) पट्टीवर लिहून पट्टी ॲप्रनला चिकटवते. ड्युटी संपता संपता सगळ्या पट्ट्या काढून एकदम एंट्री करते. वेळा टाकते सहा, दहा, दोन. बीपी खरा, वेळ अंदाजाची. पुन्हा सुपरवायझरची हाक आहेच: सिस्टर, एंट्री झाली का?

मी हसले, कारण माझ्या खिशातही घडी घातलेला हँडओव्हरचा, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देण्याघेण्याचा, कागद असतो आणि मीही त्यावरच आधी लिहिते.

पण मी कागदवाल्यांच्या बाजूची नाही. औषधांचा संगणकी तक्ता मी आता सोडणार नाही. एकदा नव्या डॉक्टरने पेनिसिलिन गटातलं औषध लिहिलं आणि लाल चौकोन आला, पेशंटला त्याची ॲलर्जी होती. कागदावर ते अक्षर मला लागलंही नसतं. मात्र तसे चौकोन फालतू कारणांनीही दिवसातून पन्नासदा यायला लागले की बोट आपोआप ‘ठीक’वर जातं, आणि एक दिवस खऱ्या चौकोनावरही जाईल.

म्हणून मामांचा कागद की संगणक हा वाद मला पोकळ वाटतो. एंट्री कोण करणार, कुठे उभं राहून, आणि त्या वेळात तिच्या खाटा कोण बघणार, हे ठरलेलं नसलं तर दोन्हीकडे गत तीच. आपल्याकडे, आणि इथेही, नवी प्रणाली एसी खोलीत, झकास चालणाऱ्या लॅपटॉपवर दाखवून विकली जाते. तीस खाटांच्या वॉर्डात नाइटच्या सिस्टरला एक रात्र वापरायला देऊन मग सही करायला काय हरकत आहे? दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस काम हातानेच चाललं होतं. तेव्हा ज्यांना रजिस्टर भरता येत होतं, त्यांनाही विकत घेताना कोणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात बहिणीचा मेसेज आला. त्यांच्याकडे नवं सॉफ्टवेअर येतंय, ट्रेनिंग रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी. खाटेपाशी टॅबलेट देणार का, असं तिने विचारलं होतं. उत्तर आलं, पुढच्या टप्प्यात बघू.